कुबड्यांनी सुरू होणारं पुस्तक

ते पुस्तक आमच्या घरात रद्दीतून आलं. सिरसाळ्याच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं आणि पुड्या बांधायला लागणारी रद्दी परळीचा एक व्यापारी गठ्ठ्यानं पाठवायचा. आधी त्या गठ्ठ्यात आपलीच वर्तमानपत्रं असायची, दहावीची जुनी गाइडं असायची, कोणाकोणाच्या परीक्षेचे पेपर असायचे. मग बाहेरच्या मालाला देशाची दारं उघडली म्हणे. दिल्लीतल्या त्या उघड्या दारातून आमच्या वाट्याला काय आलं, तर परदेशातली रद्दी. गुळगुळीत कागद, मोटारींच्या जाहिराती, उघड्या पाठीच्या गोऱ्या बायका. गिऱ्हाइकं शेंगदाणे संपले तरी पुडी उलगडून बघत उभी राहायची. जंगमांच्या, म्हणजे आमच्या गुरूंच्या घरी साखर द्यायची असली की आई त्यातल्या त्यात सभ्य कागद निवडायची.

मी तेव्हा नववीत होते. रविवारी दुपारी ओट्यावर बसून रद्दीचे चौकोन फाडायचे हे माझं काम. अशाच एका रविवारी गठ्ठ्यातून हे जाडजूड, तळहाताएवढं पुस्तक निघालं. दोन्ही बाजूंची कव्हरं गेलेली. आत पानोपानी चित्रं आणि अक्षरं म्हणजे सारवलेल्या अंगणात चिमण्या नाचून गेल्यासारखी. चित्रांत मात्र सगळं कळत होतं. उंच उंच पोरं, शाळेचा हॉल, एक मोठा बॉल आणि वर खांबाला जाळी. मी ते पुस्तक फाडलं नाही, दप्तरात लपवलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर चड्ड्या घातलेल्या पोरांची चित्रं मुलीच्या दप्तरात कशाला, म्हणून दोन दिवस बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी त्यात हिंग बांधून दिला असता.

जाळीचे खांब मला ओळखीचे होते. आमच्या शाळेत कुठल्याशा सरकारी योजनेतून तसे दोन खांब आले होते. का आले, कोणी मागितले, कोणालाच माहीत नव्हतं. वर्षभर पोरांनी एका खांबाचा क्रिकेटचा स्टंप केला होता आणि दुसऱ्याला शिपायाची शेळी बांधलेली असायची. मग आमच्या खेळाच्या सरांच्या लक्षात आलं की अख्ख्या तालुक्यात मुलींची बास्केटबॉलची टीम कुठंच नाही. म्हणजे आपण नुसती नावं पाठवली की तालुका जिंकलोच, थेट जिल्ह्याला. सर माणूस भला, पण बास्केटबॉल त्यांनी स्वतः कधी खेळलेला नव्हता. ते कबड्डीचे. सरकारनं खांब दिले, बॉल दिला, नियमांचं पुस्तक द्यायचं राहून गेलं.

नऊ मुली गोळा झाल्या. मी त्यात होते ती खेळाचे जादा मार्क मिळतात म्हणून, हे आजच सांगून टाकते. खेळाची खरी होती ती एकटी माझी मैत्रीण.

तिच्या घरी मेंढरं. पावसाळाभर त्यांचा वाडा, म्हणजे माणसामेंढरांचा मुक्काम, गावाबाहेरच्या माळावर असायचा आणि दिवाळी झाली की घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं लादून अख्खं घर चरणीला निघायचं ते थेट मिरगाला परत. त्यामुळं तिची शाळा अर्धीच व्हायची. मास्तर लोकही तिला अर्धीच धरायचे. वयानं ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, उंचीनं वीतभर जास्त. कळपातून एखादं मेंढरू भलतीकडं निघालं की ती खडा भिरकवायची. मेंढराला नाही, त्याच्या नाकापुढं हातभर अंतरावर, जमिनीवर. तिचा खडा कधी मेंढराला लागला नाही आणि कधी वायाही गेला नाही. बॉल हातात आल्यावर तिसऱ्या दिवशी ती दहापैकी आठ वेळा जाळीत टाकत होती.

आता आमचं शिक्षण त्या पुस्तकातून सुरू झालं. सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून निकाल दिला, "जपानी हाय." आम्ही मान्य केलं. रोज शाळा सुटली की लिंबाखाली बसून आम्ही पानं उलटायचो, आपली कुठलीही चोपडी उलटतात तशी, आणि त्यातली गोष्ट मी सगळ्यांना वाचून दाखवायचे. वाचायचे म्हणजे चित्रं बघून सांगायचे. पुस्तक माझं, म्हणून गोष्टही माझीच, असा माझा तोरा होता.

गोष्ट अशी होती. पहिल्याच पानावर एक पोरगा, कपाळाला पट्टी बांधलेला, काखेत कुबड्या, रिकाम्या हॉलच्या दारात उभा. पुढं तो दवाखान्यात खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. मग मैदानाच्या कडेला बाकावर बसलेला, तोंडावर टॉवेल. मग मैदानात खाली पडलेला, गुडघा दोन्ही हातांनी धरलेला, सगळे धावत आलेले. आणि त्याच्या पुढच्या पानावर तो हवेत. दोन पानं भरून एकच चित्र, पट्टीवाला जाळीच्या वर उडालेला, बॉल हातात. तिथून पुढं तो पळतोय, हसतोय, कोणाच्या पाठीवर थाप मारतोय. शेवटच्या पानावर खाली बसून बुटाची नाडी बांधतोय, मजेत. माझा अर्थ पक्का होता. याचं दुखणं जुनं. सगळ्यांनी याला कुबड्या दिल्या, बाकावर बसवलं. पण हा बसून राहिला नाही, दुखरा पाय घेऊन मैदानात आला, पडला, उठला आणि त्या उडीनं त्याचा पाय बरा झाला.

काही गोष्टी बसत नव्हत्या. चित्रांत बॉल आधी जाळीत दिसायचा, मग हातात. त्यावर सरांनीच तोड काढली. म्हणाले, खेळाडू आधी मनात बॉल जाळीत बघतो आणि मग टाकतो, ते दाखवलंय. तेव्हापासून ते आम्हाला डोळे मिटायला लावायचे. जाळीत गेलेला बॉल आधी बघा, मग मारा. गंमत अशी की त्यानं आमचा नेम खरंच सुधारला. त्यामुळं पुस्तकावरचा विश्वास आणखी वाढला.

दुसरी न बसणारी गोष्ट माझ्या मैत्रिणीच्या ध्यानात आली. हॉलमधल्या फळ्यावरचे आकडे आपल्यासारखेच होते, इंग्रजीतले. तिनं चार-पाच पानं मागंपुढं करून बघितलं आणि विचारलं, "हे आकडे कावून उतरायलेत? मार्क चढायला पाह्यजेत की."

"किती उरलेत ते लिहिलंय त्यात," मी म्हणाले.

"उरलेत कसे? खेळ तर कुठं ठरवून ऱ्हातो?"

"तुला लई कळतंय. तू मेंढरं मोज जाऊन."

सगळ्या हसल्या. तीही हसली आणि पुन्हा तिनं ते विचारलं नाही. तिला मोजता येत होतं, मला येत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

सप्टेंबरात आम्ही बीडला जिल्ह्याच्या सामन्यांना गेलो. जिल्ह्यातही तीनच टीम. बाकीच्या दोन्ही टीमना हरवलं ते तिच्या एकटीच्या जोरावर. आम्ही चौघी फक्त बॉल तिच्याकडं पोचवायचो, हमाली. परत आलो तर गावात पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात सर तिच्या वडिलांना भेटायला निघाले. भेट झाली आमच्याच दुकानासमोर, कारण ते मीठ आणि तमाखू न्यायला आले होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी ओट्यावरून सगळं ऐकत होते.

सर म्हणाले, "विभागाचे सामने औंदा बीडलाच हायेत. तिथं जिंकलो तर पोरगी राज्याला खेळंल. राज्याला खेळली की क्रीडा वसतिगृहात घेतेत, तशी चिट्ठी येती. राहणं, खाणं, शाळा, समदं तिथंच. पुढं पोलिसात भरती. तुमी फक्त तिला चरणीला नेऊ नका."

तिचे वडील काठीनं मातीत रेघ ओढत राहिले. "मास्तर, तिचं लगीन ठरल्यासारखंच हाय. बिजवर हाय, पण दोनशे मेंढरं हायेत त्याच्याकडं. आता तुमी म्हणता तर दिवाळीपतूर थांबतो. तुमची ती चिट्ठी आली तर ऱ्हाऊ द्या तिला. न्हाई आली तर ती आमच्या संगट आली, आन् उन्हाळ्यात लगीन."

"येणार बगा चिट्ठी."

"पाय चालतेत तवर पोटाला मिळतं आमच्यात," ते म्हणाले. "तेवढं सांभाळा मंजी झालं."

तिला मी हे सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "दिवाळी कितीला हाय?" आणि बोटांवर दिवस मोजले. त्या दिवसापासून ती पहाटे मेंढरं सोडायच्या आधी शाळेच्या मैदानावर यायला लागली. त्या बिजवराला तिनं एकदा बघितलं होतं. त्याच्याबद्दल ती काही बोलायची नाही. फक्त कोणी लग्नावरून चिडवलं की बॉल इतक्या जोरात टाकायची की झेलणारीचे हात लाल व्हायचे.

विभागाचे सामने एकाच दिवसात होते. सकाळी एक, तो जिंकला तर दुपारी चारला शेवटचा. तिचे वडील आले होते. मैदानाच्या कडेला घोंगडी पसरून बसले, खेळातलं काही कळत नव्हतं, पण पोरीच्या हातात बॉल आला की काठी घट्ट धरायचे. वसतिगृहाकडून मुली निवडायला दोन माणसंही आली होती. सकाळचा सामना आम्ही जिंकला. सामना संपायला दोन मिनिटं उरलेली असताना ती उडी मारून खाली आली ती एका पायावर, आणि तो पाय गुडघ्यातून आत वळला. मी जवळच होते. ओली फांदी पिळावी तसा आवाज मी ऐकला. ती पडली, लगेच उठली, लंगडत उभी राहिली. सामना संपला.

मैदानाकडेच्या एका लिंबाखाली तिला बसवलं तेव्हा गुडघा फुगायला लागला होता. मी दुकानदाराची पोर, माझ्या पिशवीत आंबेहळद आणि तुरटी होती. चहाच्या गाड्यावर लेप गरम करून लावला. सर घाबरले होते. म्हणाले, "दवाखान्यात दाखवून आणतो. डॉक्टर म्हणले तर दुपारी खेळंल, न्हाई तर न्हाई."

ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "दुखणं तेवढं न्हाई गं. पर उभं ऱ्हायलं की आतून काय तरी सरकल्यावानी होतंय."

इथं मी काय केलं ते नीट सांगायला हवं. सांगायला इतकी वर्षं लागली आहेत, तर निदान तोडूनमोडून सांगू नये. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर खेळू देणार नाहीत हे आम्हा तिघांनाही कळत होतं. ती खेळली नाही तर आम्ही हरणार, हेही. तिची चिट्ठी, तिचं लग्न हे माझ्या डोक्यात होतं, नाही असं नाही. पण त्याच्याही पुढं माझं स्वतःचं होतं. राज्याला खेळून आले की शाळेच्या फळ्यावर माझं नाव लागणार होतं, आणि मला ते हवं होतं. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि ते पान उघडलं.

"हे बघ," मी म्हणाले. "ह्याचा बी गुडघाच हाय. हा बी असाच पडला. समदे म्हणत होते बस म्हणून. पुढचं पान बघ."

तिनं पान उलटलं. पट्टीवाला जाळीच्या वर उडालेला. ती त्या चित्राकडं पुष्कळ वेळ बघत राहिली.

"बसून ऱ्हायला असता तर बसूनच ऱ्हायला असता," मी म्हणाले. "खेळला म्हणून पाय मोकळा झाला."

मग मी पुस्तक सरांपुढं धरलं. सरांनी दोन्ही पानं बघितली. त्यांना हे शंभरदा माहीत होतं, तरी पहिल्यांदा बघत असल्यासारखी बघितली, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. कोणीतरी आपल्याला हे सांगावं याचीच ते वाट बघत होते. "बांधून घ्या घट्ट," ते म्हणाले.

माझी ओढणी फाडून मी स्वतः तिचा गुडघा बांधला. बांधून झाल्यावर उरलेली चिंधी तिनं कपाळाला बांधली.

ती आठ मिनिटं खेळली. त्यात तिनं चार वेळा बॉल टाकला आणि चारही वेळा तो जाळीत गेला. मग ती बॉल घेऊन वळली, पाय होता तिथंच राहिला आणि वरचं शरीर वळलं. ती ओरडली नाही. मीच ओरडले. तिचे वडील काठी टाकून मैदानात आले, शिट्टीवाला अडवत होता त्याला बाजूला सारून, आणि पाय मोडलेलं कोकरू उचलतात तसं तिला खांद्यावर घेऊन चालायला लागले. कुठं जायचं ते त्यांना माहीत नव्हतं. सर मागून पळत गेले.

आम्ही हरलो. किती फरकानं ते मला आठवत नाही.

डॉक्टरांनी तपासून विचारलं की हे कधी झालं. सर म्हणाले, सकाळी थोडं आणि आत्ता जास्त. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर बांधून दोन महिने घरी ठेवली असती, बहुतेक भरून आलं असतं. आता आतलं तुटलंय, पुण्याला ऑपरेशन करावं लागेल, आणि करूनही पहिल्यासारखं होईलच असं नाही. तिचे वडील भिंतीला टेकून ऐकत होते. पुणं हा शब्द ऐकून त्यांनी मान हलवली, होकाराची नाही, नकाराचीही नाही. ते सरांना काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

चिट्ठी आली नाही. येणार कशी? दिवाळीनंतर त्यांचा वाडा हलला. आमच्या दुकानावरूनच रस्ता होता. पुढं मेंढरं, मागं बायामाणसं आणि शेवटी घोडा. घोड्यावर भांडी, कोंबड्यांची डालगी, दोन कोकरं आणि ती. प्लास्टरचा पाय एका बाजूला सरळ काढलेला. मी ओट्यावरून उतरले नाही. तिनं दुकानाकडं बघितलं, आणि मी वाकून पोत्यातली डाळ चाळायला लागले. तिचं लग्न उन्हाळ्यात चरणीवरच कुठंतरी लागलं, ते आम्हाला नंतर कळलं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी ते पुस्तक काढून त्या उडीच्या चित्राकडं बघत बसले होते. चित्रातला पोरगा उठला आणि आपली का नाही उठली, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. आप्पा मागून कधी आले ते कळलं नाही. कपाळावर विभूती, नुकतीच पूजा आटोपलेली. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं, उलटं केलं आणि उजवीकडून उघडलं.

"उलटं कावून धरलीस किताब?" ते म्हणाले.

आप्पांची शाळा निजामाच्या राज्यातली. चौथीपर्यंत सगळं उर्दूत. म्हातारपणीही ते कधी मराठी वर्तमानपत्र हातात आलं की सवयीनं आधी मागून उघडायचे आणि आम्ही हसायचो. त्यांना ती अक्षरं कळत नव्हती, पण हात आपोआप त्या बाजूला गेले.

"हे बघ," त्यांनी बोट ठेवलं, "हितं नाडी बांधायलाय. मंजी खेळ सुरू व्हायचाय अजून. मंग पळायलाय. मंग हे उडलं, आन् हे पडलं. मंग दवाखाना." ते एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले. शेवटी कुबड्या घेतलेला पोरगा रिकाम्या हॉलच्या दारात. "बिचारं," आप्पा म्हणाले. "एवढं चांगलं खेळत होतं." आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून ते तराजू पुसायला लागले.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं, त्यांच्या बाजूनं. जपानी पुस्तकही उर्दूसारखंच उजवीकडून सुरू होत होतं. बॉल आधी हातात, मग जाळीत. फळ्यावरचे आकडे एकेक करत चढत होते. कुठंही काही अडत नव्हतं. एखाद्या लहान लेकरालाही कळलं असतं, इतकी ती गोष्ट सरळ होती. पट्टीवाल्याच्या उडीनंतर त्याचा पाय कधीच बरा झाला नव्हता.

त्याच दुपारी मी ते पुस्तक फाडलं. एक पान सोडलं नाही. आठवडाभर गावातल्या लोकांनी जिरं, मोहरी, ओवा त्या पानांत बांधून नेला. सरांना मी काही सांगितलं नाही. त्यांची पुढच्या वर्षी बदली झाली. बाकीच्या मुलींना सांगितलं नाही. तिला सांगायचा तर प्रश्नच नव्हता, असं मी स्वतःला समजावलं. सांगून तिचा पाय थोडाच बरा होणार होता? उगाच तिच्या जखमेवर मीठ कशाला? हे मी इतक्या वेळा घोकलं की मला ते दयाळूपणासारखं वाटायला लागलं. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

पुढं माझं सगळं रीतीनं झालं. डी.एड. केलं, लिंबागणेशजवळच्या एका गावात शिक्षिकेची नोकरी लागली, लग्न बीडमध्ये झालं. माझ्या वर्गातल्या मुलांना चित्रवाचन शिकवायचं असतं. चार चित्रं द्यायची आणि क्रम लावायला सांगायचं. मी तो तास कायम दुसऱ्या बाईंना द्यायचे. त्यांना वाटायचं, मला कंटाळा येतो.

तिची माझी भेट झाली ती मांजरसुंब्याच्या फाट्यावर. शाळेतून परत निघाले होते, बस बंद पडली म्हणून खाली उतरून धाब्याच्या सावलीत उभी राहिले. समोरून मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, ट्रकवाले हॉर्न देत होते. कळपाच्या मागं एक बाई काठीवर सगळा भार देऊन, एक पाय बाहेरून फिरवून टाकत येत होती. मी ओळखलं. या वेळी पोत्यात तोंड घालायला जागा नव्हती.

तिनंही ओळखलं. धाब्याच्या नळाला पाणी प्यायली, मग माझ्याजवळ येऊन दगडावर बसली. वयानं माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, दिसत होती माझ्या आईएवढी. बिजवर मेला होता, मेंढरं दिराची होती. हे तिनं पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं.

मी बसले आणि सांगून टाकलं. पुस्तक उलटं होतं. तो पोरगा आधी उडाला आणि मग पडला. कुबड्या शेवटी होत्या. तू आकड्यांचं विचारलंस ते बरोबर होतं. आणि हे मला तुम्ही चरणीला गेलात त्याच हिवाळ्यात कळलं होतं.

मला वाटलं ती शिव्या देईल. मी त्यासाठी तयार होते, खरं तर मला त्या हव्याच होत्या.

"मंजी तो बी उठला न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही."

"पुना खेळलाच न्हाई?"

"त्या पुस्तकात तरी नाही."

कळप पलीकडं पोचला होता, दीर लांबून हाका मारत होता. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

"म्या इतकी वर्सं म्हणत ऱ्हायले," ती म्हणाली, "त्या पोरात होती ती हिंमत आपल्यात न्हाई. त्याचा पाय मोडला तरी उडला. आपुन आठ मिन्टांत पडलो. मंजी खोट आपल्यात हाय. नवरा लंगडी म्हणायचा, तवा बी म्या म्हणायची, बरोबर हाय, म्या उठाया पाह्यजे होतं." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "माझी थोरली लई पळायची. शाळेच्या बाई घरी आलत्या, तिला खेळाला पाठवा म्हणून. म्या पाठवली न्हाई. म्हणलं, आमच्या रक्तात न्हाई ते. पोरीनं हट्ट धरला तर हाणलं तिला."

"कुठंय ती आता?"

"दिली गेल्या साली. पंधरावं सरलं न्हवतं."

दीर पुन्हा ओरडला. ती काठी रोवून उठली, मी हात पुढं केला तो तिनं घेतला नाही. दोन पावलं गेली आणि वळली. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

"तवाच सांगितलं असतंस तर? किती येळ लागला असता गं तुला?"

"एक मिनिट," मी म्हणाले.